फोन उलटा ठेवला की बरं वाटतं. वन्यजीव रेस्क्यू करणाऱ्यांपैकी आणखी कुणाचं असं झालंय का?

रानपिंगळा

गेली सहा वर्षं मी जखमी वन्यप्राण्यांच्या रेस्क्यूचं काम करते. नोकरी म्हणून नाही, नोकरी सांभाळून. पक्षी, साप, खारी, वटवाघळं, कधीमधी एखादा कोल्हा. मागच्या महिन्यात जे झालं ते घरी कुणाला सांगितलेलं नाही. इथे टोपणनावाआडून सांगते.

रात्री सव्वाअकराला फोन वाजला. घुबडाचं पिल्लू झाडाखाली पडलंय. मी नेहमीचे प्रश्न विचारले. उभं राहतंय का, दोन्ही पंख सारखे दिसताहेत का, आसपास मांजर होती का, तुम्ही त्याला पाणी तर पाजलं नाही ना. समोरचा माणूस बिचारा धीराने उत्तरं देत होता. आणि त्याचं ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, मी पोचेपर्यंत हे मेलेलं असावं. म्हणजे परत झोपता येईल.

पिल्लू ठणठणीत होतं. उडता यायच्या आधीच घुबडाची पिल्लं घरट्याबाहेर पडून फांद्यांवर हिंडतात, तोल जाऊन खालीही येतात. आईबाप चारत राहतात. उंचशा फांदीवर ठेवलं, लांब जाऊन थांबले, तासाभराने आई आली. याहून चांगला कॉल असू शकत नाही. पण मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. घरी आले तर बादलीची कडी तुटली होती, त्यावरून मात्र पंधरा मिनिटं रडले.

तेव्हापासून फोन उलटा ठेवते. वाजला की पोटात गोळा येतो. ग्लव्ह्ज न घालता वटवाघूळ उचललं परवा, वर त्याचं काही वाटलंही नाही. नवीन आलेल्या मुलीने 'ताई, ही खार वाचेल ना?' असं विचारलं तर तिच्यावर खेकसले.

कुणी यातून गेलंय का? 'ध्यान करा', 'सुट्टी घ्या', 'स्वतःला वेळ द्या' हे सोडून काहीही सांगा. सुट्टी घेतली होती. आठ दिवस फोन बंद होता आणि आठही दिवस मी तोच विचार करत होते, की आत्ता कुणीतरी लावत असेल आणि उचलत कुणी नसेल.

काडीकाडी

बादली वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. माझी बादली म्हणजे चष्म्याचं घर होतं. +१. बाकी सविस्तर उद्या.

निर्विकार

स्पष्ट बोलतो, राग नसावा. निसर्गात पिल्लं मरतातच. एवढा त्रास होत असेल तर करायचं कशाला? कुणी बळजबरी केलेली नाही. छंद हा छंदासारखा असावा.

काडीकाडी

निर्विकार, आयडी सार्थ आहे तुमचा. गाडीखाली आलेलं, काचेवर आपटलेलं, गोंदाच्या सापळ्यात चिकटलेलं, पाळीव मांजराने फाडलेलं, हे सगळं 'निसर्गात' कधीपासून मोडायला लागलं? आमच्याकडे येतात त्यातले बहुतेक माणसाच्या करणीने आलेले असतात. म्हणून तर सोडवत नाही.

सुईदोरा

मी पशुवैद्य आहे. रेस्क्यूवाल्यांनी आणलेले प्राणी बरीच वर्षं बघते आहे. धागाकर्तीने प्रामाणिकपणे लिहिलंय, म्हणून मीही जरा लांबवते.

बाहेरच्यांना वाटतं आपलं काम म्हणजे वाचवणं आणि सोडणं. आतला हिशेब निराळा आहे. जगभरातल्या बहुतेक केंद्रांत आलेल्या प्राण्यांतला मोठा वाटा परत रानात जात नाही, आणि जे दगावतात त्यातले बरेच पहिल्या एक-दोन दिवसांतच जातात. त्यांची जखम मोठी असते हे एक. दुसरं, ज्या प्राण्याच्या लेखी माणूस म्हणजे शिकारी, त्याला पकडणं हाच त्याच्यासाठी आघात असतो. हरणाला पकडलं, बांधलं, गाडीत घातलं आणि जखम किरकोळ असूनही ते दोन दिवसांनी गेलं, असं होतं. पकडण्याच्या ताणाने स्नायूच मोडतात, मग मूत्रपिंडं जातात. ज्याने जीव धोक्यात घालून त्याला धरलेलं असतं त्याला हे समजावून सांगताना माझी जीभ रेटत नाही.

कुत्र्यामांजरांचं काम आणि आपलं काम यातला एक फरक फारसं कुणी बोलत नाही. कुत्रं बरं झालं की शेपटी हलवतं. आपल्याकडे अंधारं खोकं, शांतता, कमीत कमी हाताळणं. गोंजारायचं नाही, बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. पिल्लू माणसाळलं तर त्याचं रान संपलं. म्हणजे ज्या मायेपोटी माणूस या कामात येतो तीच त्याला रोज दाबून ठेवावी लागते. आणि सगळं नीट झालं तर बक्षीस काय, तर तो प्राणी मागे वळूनही न बघता निघून जातो. उलट वळून बघितलं तर आपणच काळजीत पडतो.

मग दयामरण. प्राण्यांसोबत काम करणाऱ्यांचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ आर्नल्ड आर्ल्यूक यांनी या पेचाला नाव दिलं आहे. ज्याची काळजी घ्यायची त्यालाच मारायचं, हा पेच. इंजेक्शन मी देते, निर्णय माझा असतो, माझ्यामागे निदान शिक्षण आहे. पण खोकं घेऊन दाराबाहेर बसलेला स्वयंसेवक आत काय ठरलं हे नंतर ऐकतो आणि रिकामं खोकं घरी घेऊन जातो. कित्येक वर्षं मी 'नाही वाचला' एवढंच म्हणून पुढच्या पेशंटकडे वळायचे. आता दोन मिनिटं बसते. काय तुटलं होतं, का जोडता आलं नसतं, त्याला किती दुखत असणार, ते सांगते. आणि 'हा निर्णय माझा होता, तुझा नव्हता' हे वाक्य मोठ्याने म्हणते. काही जण याच वाक्याला रडतात.

एक कडू गोष्टही सांगते. माझ्या पेशात आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आहे, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून आमच्याकडे औषधांचं कपाट एकट्याच्या किल्लीने उघडत नाही. रानपिंगळा, तुमचे विचार 'ते पिल्लू मेलेलं असावं' इथून 'मीच नसावं' इकडे कधी सरकले तर हा धागा ती जागा नाही. त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन, आणि घरातलं एक माणूस सोबत.

रानपिंगळा

सुईदोरा, नाही, तिकडे नाही सरकलेले. पण सरळ विचारलंत म्हणून बरं वाटलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि रिकाम्या खोक्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून आमच्या जिन्याखाली रचलेली सात खोकी आठवली. का जमवून ठेवलीत ते मला आज कळलं.

कोरडीविहीर

समुपदेशक आहे. प्राण्यांचं मला काही कळत नाही, माणसांचं थोडं कळतं. धाग्यात दोन-तीन वेगवेगळी दुखणी एकात एक गुंतली आहेत, ती सुटी करतो.

एक, बर्नआउट. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी हा शब्द वैद्यकीय लिखाणात आणला, तोही एका मोफत दवाखान्यातल्या कामाच्या अनुभवावरून. म्हणजे हा शब्द मुळात कॉर्पोरेटवाल्यांचा नाहीच, सेवा करणाऱ्यांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजार आणि आरोग्यस्थितींच्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणं आहेत: गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. ती संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. आता स्वयंसेवकाचं कामाचं ठिकाण कुठलं? त्याची उशी. त्यावर ठेवलेला फोन.

दोन, सहवेदनेचा थकवा. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये यावर पुस्तक काढलं. दुसऱ्याचा आघात बघून बघून आपल्यालाच आघाताची लक्षणं दिसणं. झोपेत तेच दृश्य, ठरावीक रस्ता टाळणं, विशिष्ट रिंगटोनने दचकणं. बर्नआउट हळूहळू चढतो, हे एखाद्या प्रसंगानेही एकदम येतं.

तीन, नैतिक घुसमट. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सेसच्या संदर्भात मांडलेली कल्पना आहे. योग्य काय ते कळतंय, पण नियम, जागा, पैसा आड येतो. तुमच्यातलंच उदाहरण देतो, एका वाचकाने मागे सांगितलेलं. इंग्लंडमध्ये २०१९ च्या नियमांनंतर राखाडी खार बरी केली तरी पुन्हा मोकळी सोडता येत नाही, कारण ती तिथे बाहेरून आलेली, उपद्रवी जात ठरते. नियमामागे कारण आहे. पण हातात जखमी पिल्लू घेऊन दारात उभ्या माणसाचं काय?

आणि शेवटचं, केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्याला नाव दिलं ते मान्यता नसलेलं दुःख. नातेवाईक गेला तर लोक भेटायला येतात. वटवाघूळ गेलं म्हणून कुणी ऑफिसात सुट्टी मागून बघा.

निर्विकारसाहेब, हे छंदाचं दुखणं नाही. यातलं एकही 'मन घट्ट कर' म्हटल्याने बरं होत नाही.

निर्विकार

ठीक. शब्द मागे घेतो. वटवाघळाचं पटलं.

पाणवठा

आमच्या ग्रुपने यावर उपाय काढलाय. वाईट प्रसंग झाला की त्याच रात्री सगळे गोलात बसतो. प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं, सांगायचंच. कुणाला सूट नाही. मन मोकळं होतं.

काडीकाडी

पाणवठा, मी अशाच एका गोलात बसले आहे (तुमच्या नव्हे). जळालेल्या रानातून आम्ही परतलो होतो. मी जे पाहिलं नव्हतं तेही त्या रात्री बाकीच्यांच्या तोंडून पाहून घेतलं. आजही स्वप्नात माझं कासव येत नाही, दुसऱ्याने सांगितलेलं येतं.

कोरडीविहीर

काडीकाडी यांनी नेमकं बोट ठेवलंय. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, सगळ्यांना बोलतं करण्याची पद्धत १९८० च्या दशकात अग्निशमन दल, रुग्णवाहिका वगैरेंसाठी निघाली आणि फोफावली. पुढे तिची तपासणी झाली. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २००२ च्या आढाव्यात दिसलं की अशा एकाच बैठकीने पुढचा आघातविकार टळत नाही, काहींच्या बाबतीत तो वाढू शकतो. आज तिची शिफारस केली जात नाही.

त्याऐवजी २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इतर दोन संस्थांसोबत काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे. तिचं सार तीन शब्दांत मावतं: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे ना, भुकेला, गारठलेला नाही ना, ते पाहा. बोलला तर ऐका, बोलला नाही तर उकरू नका. आणि घर, डॉक्टर, सोबतीण, ज्याची गरज असेल त्याच्याशी जोडून द्या. गोलात बसायला हरकत नाही, पाणवठा. 'सांगायचंच' हे काढून टाका.

पाणवठा

मान्य. आमच्यातला एक जण दर वेळी गाडी लावायला म्हणून जायचा आणि अर्ध्या तासाने यायचा. आता कळलं.

तिसरीपाळी

एका रेस्क्यू ग्रुपचं नियोजन बघतो. मानसशास्त्र मला येत नाही, मला वेळापत्रक येतं. आणि बराच त्रास वेळापत्रकातच असतो, असं माझं मत झालंय. लोक म्हणतात मृत्यू बघून माणसं मोडतात. माझ्याकडून जे सोडून गेले त्यांच्यापैकी एकानेही मृत्यूचं कारण सांगितलं नाही. सगळ्यांनी फोनचं सांगितलं.

आमच्याकडेही आधी एकच नंबर होता, तो ज्याचा त्याच्याकडे दिवसरात्र. ते गृहस्थ एके दिवशी सिमकार्ड काढून टेबलावर ठेवून गेले, परत आले नाहीत. त्यानंतर आम्ही काय बदललं ते सांगतो, क्रम कसलाही नाही.

फोन घेणारा त्या दिवशी गाडी काढत नाही. हे सगळ्यात मोठं. निम्मे कॉल फोनवरच मिटतात (तुमच्या घुबडाच्या पिल्लासारखे), पण ते मिटवायला डोकं थंड लागतं, आणि ज्याला स्वतःलाच उठून जायचंय त्याचं डोकं थंड राहत नाही. एक तर तो उगाच धावतो, नाहीतर उगाच टाळतो. रानपिंगळा, तुमच्या मनात जे आलं ते दुष्टपणाने नाही आलं. दोन माणसांचं काम एकटीकडे होतं म्हणून आलं.

'नाही' म्हणायचा अधिकार लिहून दिलेला आहे. पिंजरे भरले की भरले. फोनवाल्याकडे कागद असतो, त्यावर काय म्हणायचं ते शब्दशः लिहिलंय, 'आज आमच्याकडे जागा नाही, या दुसऱ्या नंबरवर विचारा'. त्याला स्वतःच्या तोंडाने स्वतःचं वाक्य जुळवावं लागत नाही. शिव्या देणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा, हेही त्यावर आहे. 'तुम्ही कसले प्राणिमित्र' हे वाक्य ऐकलं नसेल असा रेस्क्यूवाला दाखवा.

जखमांचे फोटो मोठ्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. डॉक्टरांना हवेत, त्यांना वेगळे पाठवा. जेवताना फोन उघडला आणि समोर सोललेलं माकड, हे कशासाठी?

रेबीजची लस नाही तर सस्तन प्राण्याला हात नाही, ग्लव्ह्ज नाहीत तर पाळी नाही. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कुणी वाचत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी जुना, जाणता माणूस एक दिवस उघड्या हाताने वटवाघूळ उचलतो. मी ते बेशिस्त धरत नाही, थकव्याची खूण धरतो आणि त्याची पाळी गुपचूप दुसऱ्याला देतो. ताई, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना त्या वटवाघळाबद्दल सांगितलंत का? नसेल तर आधी ते करा, मग प्रतिसाद लिहा.

आणि शेवट कळवायचा. प्रत्येक प्राण्याचं पुढे काय झालं ते आणणाऱ्याला तीन दिवसांत कळलंच पाहिजे, मेला असला तरी. आधी आम्ही वाईट बातमी लपवायचो, दयेपोटी. त्याने झालं असं की न कळवणं म्हणजेच मेलं, असा सगळ्यांनी अर्थ लावला, आणि ज्यांचे प्राणी जगले तेही मनातल्या मनात पुरून मोकळे झाले.

सुईदोरा

शेवट कळण्यावरून आठवलं. जून २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'ट्रेझर' नावाचं जहाज बुडालं आणि सुमारे १९,००० आफ्रिकन पेंग्विन तेलात माखले. हजारो स्वयंसेवक धुवायला आले. हात चावून चावून रक्ताळायचे. जे पेंग्विन तेलात सापडले नव्हते तेही माखू नयेत म्हणून १९,५०० च्या आसपास उचलून शेकडो किलोमीटर लांब नेऊन सोडले. हिशेब असा, की पोहत परत येईपर्यंत किनारा साफ होईल. तिघांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले टॅग होते, पीटर, पामेला आणि पर्सी. ते घराकडे कुठवर आले हे लोक नकाशावर बघत होते. तेलात माखलेल्यांपैकी बहुतेक वाचले.

मला नेहमी वाटतं, इतक्या भयंकर कामाबद्दलही लोक आनंदाने का बोलतात? एक तर ते संपलं. दुसरं, तिघांचा का होईना, पुढचा प्रवास दिसला. आपलं रोजचं काम संपत नाही आणि दिसतही नाही.

घरातला दुसरा

बायको रेस्क्यू करते. मी नाही करत, मी बाथरूमचं दार उघडण्याआधी 'आत कोण आहे?' असं विचारतो, एवढंच. सगळा धागा वाचला. घरच्यांच्या बाजूने एक सांगू? आम्हाला काय विचारायचं ते कळत नाही. 'वाचलं का?' असं विचारलं की ती गप्प होते. एकदा चिडून म्हणाली, 'दर वेळी निकाल काय विचारतोस.' आता मी विचारतो, 'कोण होतं?' मग ती सांगते. पिसांचा रंग, डोळे, कसं फिस्कारलं ते. वाचलं की नाही ते ओघात येतं किंवा येत नाही.

कोरडीविहीर

घरातला दुसरा, तुम्ही फी लावत जा.

यालाच धरून एक अभ्यास सांगतो. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी लोकांना दोन प्रकारचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःत भिनवून घ्यायचं, नंतर त्याच्याबद्दल आपुलकी आणि मदतीची इच्छा जागी करायची. पहिल्याने माणसं खचली, दुसऱ्याने सावरली. मेंदूतही वेगवेगळे भाग जागे झाले. म्हणजे 'वाटून घेऊ नकोस' हा सल्ला अर्धाच. वाटू दे, पण त्याच्या वेदनेत बुडी मारायची नाही, त्याच्याकडे बघायचं. 'कोण होतं?' हा प्रश्न तेच करतो.

आपण कुठे आहोत हे ज्याला बघायचंय त्याच्यासाठी बेथ स्टॅम यांची ३० प्रश्नांची प्रोक्यूओएल नावाची चाचणी मोफत मिळते. बर्नआउट आणि दुसऱ्याच्या आघाताचा ताण यांच्या जोडीला कामातलं समाधानही मोजते. निदान करत नाही. पण सहा-सहा महिन्यांनी केली की आपण कुठल्या दिशेला घसरतोय ते दिसतं.

रानपिंगळा

तीन आठवड्यांनी येते आहे, माफ करा.

वटवाघळाचं आधी. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. लस आधी घेतलेली होती, तरी पुन्हा डोस घ्यायला लावले. डॉक्टर माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तशी मी पाणी पाजणाऱ्या लोकांकडे बघते.

समुपदेशकांकडे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा प्राण्यांबद्दल एक अक्षर बोलले नाही, फक्त फोनबद्दल बोलले.

ग्रुपमध्ये तिसरीपाळी यांचं अख्खं पोस्ट वाचून दाखवलं. आमचे जुने लोक म्हणाले, आपण चौघंच, कसल्या पाळ्या न् काय. मग त्या नव्या मुलीने, जिच्यावर मी खेकसले होते तिने, फोन मागून घेतला. मंगळवार आणि शुक्रवार तिचे. फोनवर ती माझ्यापेक्षा बरी आहे, लोकांना घाई करत नाही. तिची माफी मागितली. ती म्हणाली, 'ताई, मला वाटलं तुम्ही सगळ्यांशीच तशा बोलता.' घ्या.

खोकी अजून जिन्याखालीच आहेत. सहा. एक तिने नेलं, तिच्या पहिल्या कॉलला.

काल मंगळवार होता. तरीही फोन तीनदा सुलटा करून बघितला.

तिसरीपाळी

चौथ्यांदा बघितलात तर तिला सांगा, तुमचा नंबर ब्लॉक करायला.